एकशे नव्वद रत्तल

मार्गशीर्ष लागला की परळच्या हवेतला चिकटपणा आठ-दहा दिवस रजेवर जातो. त्याला थंडी म्हणायचं, हा आम्हा मुंबईकरांचा लाडका खोटेपणा. नाशिकचे पाहुणे हसतात आणि आम्ही त्यांच्यासमोर हट्टानं स्वेटर घालून चहा पितो. मला मात्र ही थंडी स्वेटरच्या आधी पाठीला कळते. मानेचं मोठं हाड असतं ना, त्याच्या जरा खाली, दोन्ही खांदे मागे ओढले की मांसाची एक गादी तयार होते. तिथं सकाळी सकाळी गार लोखंड टेकल्यासारखं वाटतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणतात, वयामुळे. वयामुळे नाही. त्या जागेवर एक हिवाळाभर मी बार घेतला होता, आणि त्या हिवाळ्याचा राग माझ्या अंगातून अजून उतरलेला नाही.

आमच्या वेळी थंडी म्हणजे तालमीचा मोसम. दिवाळी सरली की गिरणगावातल्या व्यायामशाळा भरायच्या आणि होळीनंतरच्या उकाड्यात ओसरायच्या. फराळाची चरबी उतरवायला आलेले कारकून, पहिल्या पाळीहून थेट आलेले गिरणी कामगार, मिशी फुटायच्या आत दंड फुगवून बघणारे विद्यार्थी. खोबरेल तेल, घाम, गंज आणि मारुतीच्या गळ्यातली सुकत चाललेली रुईची माळ, या सगळ्यांचा मिळून एक वास असायचा. तो वास चांगला होता असं म्हणवत नाही, पण नाकाला तो हवासा वाटायचा. आज कुठं तसा वास आला तर मी आधी खूश होतो आणि मग मला आठवतं.

परवा चालता चालता एका टॉवरपाशी थांबलो. पूर्वी तिथं गिरणीचा कापूस उतरायचा. आता तळमजल्यावर काचेची जिम आहे आणि आतली माणसं रस्त्यावरून दुकानातल्या साड्यांसारखी दिसतात. एक मुलगी खांद्यावर बार घेऊन बैठका मारत होती. पाठ सरळ, टाचा जमिनीला, नजर समोर. चांगली शिकलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर लोखंडाचे दोन आडवे दांडे होते. बार हातून सुटलाच तर त्या दांड्यांवर अडकणार, तिच्या अंगावर येणार नाही. दारातला पोरगा म्हणाला, "आजोबा, आत या ना, बघा हवं तर." मी नको म्हटलं. मला त्या मुलीच्या ताकदीचा हेवा वाटला नाही. तिच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेचा वाटला.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. वरळीच्या बीडीडी चाळीत आमची एक खोली, त्यात आम्ही सहाजण. वडील गिरणीत सूतकताईच्या खात्यात. विणकामाच्या खात्यात पगार बरा असायचा, पण तिथं मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो, आणि आमच्या तोंडचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला चालत नसे. म्हणून वडील आयुष्यभर सूत कातत राहिले. ते विणणारे दुसरे. मी शिवडीला, बंदराजवळच्या गोदामात, मामाच्या टोळीत गोण्या वाहायचो. नागपूरच्या दीक्षेला वर्ष झालं होतं. घरातले देव गेले होते आणि त्या कोनाड्यात आता बुद्धाची तसबीर होती. आई अजून सवयीनं कोनाड्यासमोर पदर पसरायची आणि मग ओशाळी होऊन हात जोडायची.

बाहेर संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. मुंबई कुणाची, यावर पानवाल्यापासून प्रोफेसरापर्यंत सगळ्यांचं एकमत होतं, आणि अख्ख्या मुंबईचं एकमत होण्याचा तो प्रकार मी तेवढाच पाहिला. मोर्च्यात आम्ही चालायचो. पुढचा कोण, मागचा कोण, कुणी विचारत नसे. दादरला भिंतींवर पोस्टरं लावताना मला सुधाकर भेटला. दादरचाच, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बोटांना शाई लागायची त्याच्या, खळ नाही. खळीचा डबा त्याला उचलवेना. मी एका हातानं उचलला तर तो बघत राहिला.

"तुझ्यासारख्यानं तालमीत यायला हवं," तो म्हणाला.

"माझ्यासारख्यानं म्हणजे?"

त्याचे कान लाल झाले. "तसं नाही रे. अंगानं म्हणतोय मी."

मला तो त्या लाल कानांमुळे आवडला. खोटं बोलणाऱ्याचे कान लाल होत नाहीत, अशी माझी समजूत होती.

व्यायामशाळा परळला होती, एका चाळीच्या मागच्या अंगणात पत्रे घालून केलेली. तिथले मास्तर मालवणचे, गिरणीत फिटर, ठेंगणे आणि रुंद. आत शिरताना प्रत्येकजण मारुतीसमोर वाकायचा. मी उंबऱ्यात थांबलो. दीक्षेत आम्ही देवांपुढे न वाकण्याची शपथ घेतली होती, आणि पहिल्याच दिवशी ती मोडायची की पहिल्याच दिवशी घरी परतायचं, असा पेच होता. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुधाकरकडे, आणि म्हणाले, "नाय तर नाय. बाराक नमस्कार कर. तोच पाडता, तोच वाचयता." मी लोखंडी बारला हात लावून कपाळाला लावला. त्या क्षणी मला या माणसासाठी जीव द्यावासा वाटला. आता लिहिताना हसू येतं, पण एकोणिसाव्या वर्षी जीव द्यायला फार मोठं कारण लागत नसे.

महिनाभर त्यांनी मला बारला हात लावू दिला नाही. हातात बांबू दिला. तो खांद्यावर घे म्हणाले, आणि मी घेतला तो कमरेत वाकून, मान खाली घालून, तळहात मागे करून. सगळी व्यायामशाळा हसली. गोदामात गोणी अशीच घेतात. दोघं उचलून पाठीवर लोटतात आणि आपण वाकून तिची वाट बघत असतो. मास्तर नाही हसले. ते म्हणाले, "गोणी येवची नाय रे झिला. बांबू आसा तो." मग माझ्या कण्यावरून खालपर्यंत आंगठा फिरवून सांगितलं की ही पाठ गोणीची झाली आहे, आणि ही बदलल्याशिवाय एक रत्तलसुद्धा द्यायचं नाही. एक रत्तल म्हणजे आताचा अर्धा किलोसुद्धा नाही.

पाठ बदलायला त्यांनी मला भिंतीसमोर उभं केलं. नाक भिंतीपासून एक वीत. असं उभं राहून बैठक मारायची. जरा पुढे वाकलात की कपाळ भिंतीवर आपटतं. पहिल्या आठवड्यात माझ्या कपाळाला चुना लागलेला असायचा आणि आई विचारायची, कुठल्या देवळात जातोस. दुसऱ्या आठवड्यात मागे साबणाचं खोकं ठेवलं. त्यावर टेकायचं, पण बसायचं नाही, आणि टेकताच उठायचं. गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेनं जायला हवेत, आत वळले की मास्तर वेताच्या छडीनं बाहेरून टिचकी मारायचे. टाचा उचलल्या की म्हणायचे, "पक्षी आसस काय?" समोरच्या भिंतीवर एक खिळा होता, नजर त्याच्यावर. "खंय बघतस रे? खाली काय पडलाहा?" खाली जाण्याआधी पोट भरून श्वास घ्यायचा, तो कोंडायचा आणि वर आल्यावरच सोडायचा. ते म्हणायचे, आपण उकिडवे बसणारी माणसं, आपल्याला खाली जाणं शिकवावं लागत नाही. शिकवायचं ते वर येणं.

मग रिकामा बार आला. चाळीस रत्तलांचा. दोन लाकडी घोड्यांवर तो आडवा ठेवलेला असायचा. त्याच्यावर दोन ठिकाणी गिरणीच्या सुताचा दोरा गुंडाळलेला होता, म्हणजे दोन्ही हात मधल्या भागापासून सारख्या अंतरावर पडतील. बारखाली शिरायचं, तो मानेच्या हाडावर नाही तर त्याच्या खालच्या गादीवर घ्यायचा, उभं राहायचं, दोनच पावलं मागे, तिसरं नाही. काही पोरं मानेला टोचतं म्हणून टॉवेल गुंडाळायची. मास्तर टॉवेल काढून फेकायचे. टॉवेलवर बार घसरतो, आणि घसरलेला बार कुणाची ओळख ठेवत नाही.

पण त्यांचा खरा धडा पुढचा होता. "पयलां टाकूक शीक, मगे उचलूक." जमिनीवर ओली गोणपाटं अंथरलेली असायची. खाली गेल्यावर वर येता येत नाहीसं वाटलं की छाती वर काढायची, हात सोडायचे, बार पाठीवरून मागे जाऊ द्यायचा आणि आपण पुढे उडी घ्यायची. आठवडाभर मी नुसता बार टाकत होतो. धप्प, धप्प. आजूबाजूचे वैतागायचे. सुधाकर म्हणायचा, "अरे, हा उचलायला आलाय की टाकायला?" मला मात्र त्या आवाजात एक निर्धास्तपणा सापडला. गोदामात गोणी टाकली तर मुकादम आईवरून शिव्या देतो. इथं टाकणं हा अभ्यास होता. कुणीतरी मला सांगत होतं की नाही झेपलं तर सोड, तुझी पाठ वजनाहून मोलाची आहे. असं मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

शंभर रत्तल झाल्यावर नियम बदलला. शंभराच्या वर मागे माणूस हवा. तो दोन्ही हात पुढे करून, बारच्या खाली पण बारला न लावता, आपल्याबरोबर खाली जातो आणि वर येतो. बार वर यायचा थांबून खाली येऊ लागला तरच धरायचं. आणि मागे माणूस असेल तर टाकायचं नाही. टाकलं तर त्याचे पाय मोडतील. म्हणजे तो आपली काळजी घेणार, आणि त्याच्यासाठी आपण आपला टाकण्याचा हक्क सोडणार, असा तो करार. हे मला त्या वेळी फार सुंदर वाटलं. मोर्च्यात ऐकलेल्या एकाही भाषणात एवढी नेमकी गोष्ट नव्हती.

माझ्या मागे सुधाकर उभा राहायचा. कचेरीतून येऊन, शर्टाच्या बाह्या दुमडून. त्याचा श्वास माझ्या मानेला लागायचा. मास्तर समोर, छडी घेऊन, गुडघ्यांवर नजर ठेवून. पौषात मी एकशेवीस घेतले. माघ लागला तेव्हा एकशेचाळीस. मग दर आठवड्याला दहा, दहा, दहा. तळाशी गेलं की एक क्षण सगळं थांबायचं, आणि मग बार हलका व्हायचा आणि मी वर यायचो. तो हलकेपणा मला माझाच वाटला. मला वाटलं ताकद अशीच येते, अडते आणि मग एकदम सुटते. मास्तर मान डोलवायचे. सुधाकर पाठीवर थाप मारून म्हणायचा, "वाघ आहेस, दामू."

चाळीत बातमी पसरली. आमच्या ब्लॉकमधलं कुणी आजवर लोखंडी वजनाच्या तालमीत गेलं नव्हतं. संध्याकाळी नळावर बायका आईला विचारायच्या, किती झाले गं तुझ्या लेकाचे. आईला रत्तल कळत नसे, पण आकडा पाठ असे. वडील बोलत नसत. एकदाच म्हणाले, "पाठ दुखत नाही ना? मग कर." त्यांच्या भाषेत हे म्हणजे हार-तुरे. मी गोदामात सरळ पाठीनं गोणी घ्यायला लागलो, आणि मामा म्हणाला, हा आता साहेब झाला, गोणीलासुद्धा वाकत नाही. माझ्या आयुष्यात प्रथमच मी एखाद्या गोष्टीत चांगला होतो, आणि ती गोष्ट कुणाच्या शिफारशीनं, दयेनं किंवा राखीव जागेमुळे मिळालेली नव्हती. लोखंडाला माणूस कळत नाही, वजन तेवढं कळतं. मी हे सगळ्यांना सांगत सुटलो होतो. इतकं सांगितलं की आता कुठं तोंड लपवावं असं होतं.

होळीच्या आधीच्या रविवारी परळ, लालबाग, नायगाव आणि शिवडी इथल्या व्यायामशाळांच्या चढाओढी होत्या. मैदानावर मांडव, स्टेज, लाऊडस्पीकर, आणि सगळीकडे संयुक्त महाराष्ट्राची पोस्टरं. आमच्या ब्लॉकमधून वीस-पंचवीस माणसं आली होती. वडिलांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. माझं नाव पुकारण्याआधी आमच्या व्यायामशाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ माईकवर आले. ते म्हणाले की आमच्या व्यायामशाळेत जात नाही, पात नाही, आणि याचा जिवंत पुरावा म्हणून आमचे हे बौद्ध बंधू आता एकशे नव्वद रत्तल घेणार आहेत. टाळ्या पडल्या. मी पायऱ्यांवर उभा होतो. सकाळपासून मी स्वतःला बैठका मारणारा माणूस समजत होतो. पुरावा झालोय हे मला माईकवरून कळलं.

तरी मी बारखाली शिरलो. चढाओढीचा नियम असा की मागे कुणी उभं राहायचं नाही. बारच्या दोन टोकांना शिवडीच्या व्यायामशाळेचे दोघं, हात खाली धरून, बारला न लावता. मी दोन पावलं मागे गेलो. श्वास घेतला, कोंडला. खाली गेलो. चांगला गेलो, पाठ सरळ होती. आणि तळाशी माझे पाय थांबले.

ते का थांबले हे सांगायला मला पुढं बरीच वर्षं लागली. ते कमी पडले म्हणून थांबले नाहीत, आधी नाही. ते वाट बघत होते. दीड महिना त्या जागी बार हलका व्हायचा, आणि पायांनी ते शिकून घेतलं होतं. अर्धा क्षण, फार तर एक क्षण. पण एकशे नव्वद रत्तल तेवढ्या वेळात माणसाला बसवतात. टाकायचं मला सुचलंच नाही, कारण दोन महिने मागे माणूस असल्यामुळे मी टाकलंच नव्हतं. बार मानेकडे सरकला. डावा गुडघा फळीवर आपटला. शिवडीच्या त्या दोन अनोळखी पोरांनी टोकं धरून बार उचलला नसता, तर हा लेख लिहायला मी नसतो. त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. लाऊडस्पीकरवरचे गृहस्थ म्हणाले, प्रयत्न स्तुत्य होता. आमच्या ब्लॉकची माणसं टाळ्या वाजवत होती आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मांडवामागे नळ होता. मी गुडघ्यावर पाणी सोडत बसलो होतो. सुधाकर आला आणि शेजारी उकिडवा बसला. मी त्याला विचारलं, कारण पायांना जे कळलं होतं ते हळूहळू डोक्यात चढत होतं.

"हात लावायचास तू?"

"अरे, हात कसला. दोन बोटं."

"कधीपासून?"

त्यानं नळ बंद केला. "एकशेचाळीस झाले तेव्हापासून. रोज नाही रे."

"आणि मास्तर? ते तर समोर उभे असायचे. त्यांना दिसत नव्हतं?"

"त्यांनीच सांगितलं मला. होळीपर्यंत एकशे नव्वद व्हायला हवेत म्हणाले. कमिटीचं म्हणणं होतं की तू स्टेजवर दिसायला हवास. आजच्या दिवसांत ते बरं दिसतं." माझ्या गुडघ्याकडे बघत तो म्हणाला, "दामू, वाईट हेतू नव्हता रे कुणाचा. तुला हुरूप यावा म्हणून केलं. आणि दोन बोटांनी काय होतं? नुसता आधार."

त्याचे कान या वेळी लाल नव्हते, कारण यात लाजण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. तो मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच मला त्याला मारावंसं वाटलं. मारलं नाही. मी म्हटलं, "माझी मान मोडली असती." तो म्हणाला, "आज इतकं अडेल असं वाटलं नव्हतं." म्हणजे त्यानं विचार केला होता. माझ्या मानेचा हिशेब त्यानं मनात करून पाहिला होता आणि त्याला ते चालण्यासारखं वाटलं होतं.

मी लोकांकडून दगा खाल्लाच नव्हता असं नाही. गोदामात मुकादम रोज काहीतरी लबाडी करायचा. पण त्याला आम्ही मुकादमच समजायचो, त्यामुळे त्यात फसवणूक अशी काही नसायची. फसवायला आधी जवळ यावं लागतं. सुधाकर जवळ आला होता, माझ्या मानेला त्याचा श्वास लागत होता इतका जवळ. आणि मास्तर. ज्यांनी महिनाभर मला एक रत्तल दिलं नाही, ज्यांनी माझी गोणीची पाठ आंगठ्यानं सरळ केली, त्यांनीच एका माईकसाठी दर आठवड्याला दहा रत्तल चढवले. शिकवताना ते खोटे नव्हते. हेच मला अजून पचत नाही. खोटं शिकवणाऱ्याचा राग करता येतो. खरं शिकवून मग विकणाऱ्याचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही.

घरी वडिलांना कळलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना विणताना पाहिलेला माणूस तो, त्याला सगळं कळायचं. रात्री त्यांनी माझ्या गुडघ्याला हळद-चुना लावला. त्यांच्या हातांना सूत कातून कातून भेगा पडलेल्या होत्या आणि चुन्यानं त्या झोंबत असणार. आईनं आकडा पुन्हा कधी उच्चारला नाही.

सोमवारी मी गोदामाला दांडी मारली आणि दुपारी व्यायामशाळेत गेलो. त्या वेळी तिथं कुणी नसे, दाराला कडी तेवढी असे. मला एकच गोष्ट हवी होती. माझा आकडा. दुसऱ्याच्या बोटांशिवायचा, कितीही लहान असो. बाकी सगळं गेलं तरी तेवढं घेऊन मी घरी जाणार होतो.

रिकामा बार घेतला. वर आलो. ऐंशी केले, वर आलो. शंभर केले. गुडघा ठणकत होता, पण वर आलो, आणि मागे कुणी नव्हतं हे मी वळून पाहिलं. मग मोजून वजनं लावली, एकशेपन्नास. मनाशी म्हटलं, नाही आलं तर टाकीन, गोणपाटं आहेत खाली. दोन पावलं मागे गेलो, भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं, श्वास कोंडला आणि खाली जायला लागलो. तेव्हा कडी वाजली.

चपलांच्या आवाजावरून ओळखलं, मास्तर. दुसऱ्या पाळीला जायच्या आधी आले असणार. शंभराच्या वर मागे माणूस हवा, या सवयीनं ते सरळ माझ्या मागे येऊन उभे राहिले. आता टाकायचीही सोय राहिली नाही. मी तळाशी होतो. पाय पुन्हा वाट बघायला लागले होते.

"मास्तर," मी म्हटलं. कोंडलेला श्वास त्यात गेला. "हात लावू नका."

हे वाक्य आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं गेलं होतं. विहिरीपाशी, देवळापाशी, गिरणीत पाण्याच्या पिंपापाशी. ते म्हणणारे नेहमी दुसरे असत. त्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी ते पहिल्यांदा दुसऱ्याला म्हटलं, आणि तेही दीडशे रत्तल खांद्यावर घेऊन, उकिडवं बसून.

मग मी उठलो. कसा ते विचारू नका. मांड्या थरथरत होत्या, डोळ्यांसमोर काजवे होते, बार वीतभर वर आला आणि थांबला, आणि पुन्हा वर आला. दोन पावलं पुढे जाऊन मी तो घोड्यांवर ठेवला आणि वळलो. मास्तर हात मागे बांधून उभे होते. त्यांचे डोळे भरले होते.

"हात नाय लावलो मी," ते म्हणाले.

खरं बोलत असतील. बहुतेक खरंच बोलत होते. पण बार वीतभर आल्यावर जो थांबला होता आणि मग सुटला होता, तो कसा सुटला, हे मला दिसलं नव्हतं. पाठीमागचं माणसाला दिसत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की आता हा माणूस काहीही म्हणाला तरी मला कधीच कळणार नाही. पुन्हा एकदा घेऊन बघावं तर गुडघा उभं राहू देत नव्हता. ते समोर येऊन काहीतरी म्हणू लागले, स्टेजचं, कमिटीचं. मी शर्ट घातला आणि बाहेर पडलो.

पुढं मी पुन्हा बार खांद्यावर घेतला नाही. दुसऱ्या व्यायामशाळा होत्या. पण शंभराच्या वर तिथंही मागे कुणीतरी उभं राहिलं असतं. मुंबईसकट महाराष्ट्र झाला, मीही रस्त्यावर नाचलो, सुधाकरनं गर्दीतून हात केला आणि मी न दिसल्यासारखं केलं. शंभर रत्तल माझे होते, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्यापुढचं मला माहीत नाही.